पंपाचं पाणी, इंजिनचा ताप आणि तुमचा लॅपटॉप

ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत आणि जे एसटीत बसून हे वाचतायत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जिथे वाक्य तुटलं तिथे जोडून घेतलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

या वेळचा विषय तुम्हीच दिलाय. उन्हाळा सुरू झाला की मेसेज यायला लागतात: "लॅपटॉप लई तापतोय, काय करू?" आता हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, रिपेअरिंगचा नाही, हे मला माहितीय. पण यंत्र तापणं आणि त्याचा ताप बाहेर काढणं, याचा इतिहास निदान आमच्या पलूस तालुक्यात तरी लॅपटॉपपेक्षा खूप जुना आहे. आणि तो माहीत असला की लॅपटॉपवाल्या दुकानात तुम्हाला कुणी सहज गंडवू शकत नाही. म्हणून आजचा भाग.

पुण्याहून मिरजेकडे रेल्वेने आलात तर वाटेत किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. पूर्वी त्याचं नाव कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली आपली कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना या स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली. जमीन म्हणजे काय, तर माळ. निवडुंग आणि साप. तिथे नांगर आणि कडबा कापायची यंत्रं बनायला लागली. पुढे १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी रीतसर नोंदली गेली. त्याच वर्षी तिथून 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिकही सुरू झालं, जे पुढे 'किर्लोस्कर' म्हणून महाराष्ट्रभर वाचलं गेलं. माळावरच्या एका कारखान्याने मासिक काढावं, हे मला अजून भारी वाटतं. आजच्या भाषेत कंपनीचा स्वतःचा पॉडकास्टच की तो!

१९२६ च्या सुमारास इथे सेंट्रिफ्युगल पंप बनायला लागला. तो पंप आणि पुढे त्याला जोडीला आलेलं डिझेल इंजिन, या दोघांनी कृष्णाकाठचं शेत बदललं. इंजिन मात्र वाडीचं नाही बरं का. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही वेगळी कंपनी १९४६ साली पुण्यात खडकीला निघाली. आमच्याकडे जुनी माणसं दोन्हीला मिळून नुसतं "किर्लोस्कर" म्हणतात. "किर्लोस्कर चालू कर" म्हणजे पाणी सोड.

माझ्या आजोबांकडे असंच एक इंजिन होतं. एका सिलिंडरचं, पाच हॉर्सपॉवरचं, मिनिटाला १५०० फेरे मारणारं. या इंजिनाची एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डिझेल जाळून जी उष्णता निघते, त्यातली ढोबळमानाने तिसरा हिस्साच पंप फिरवायच्या कामी येते. जवळजवळ तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. आणि उरलेली लोखंडात शिरते. ती तिथून काढली नाही तर पिस्टन फुगतो, ऑइल पातळ होतं आणि इंजिन जाम होतं. शेतकरी म्हणतात, इंजिन "धरलं".

मग काढायची कशी? सिलिंडरच्या भोवती एक पोकळ कवच असतं, त्याला जॅकेट म्हणतात. पंप विहिरीतून पाणी उपसतोच आहे, तर त्याच पाण्यातली एक बारीक धार नळीने जॅकेटमधून फिरवायची आणि पाटात सोडून द्यायची. म्हणजे पंप इंजिनाला गार ठेवतो आणि इंजिन पंपाला फिरवतं. नवरा-बायकोचा संसार आहे तो.

आणि आजोबांकडे थर्मामीटर नव्हता. ते दर थोड्या वेळाने त्या बारीक धारेखाली हात धरायचे. कोमट लागली तर ठीक. भाजायला लागली पण धार जोरात आहे, तर इंजिनावर लोड जास्त आहे. आणि इंजिन तर तापलंय पण धारच बारीक झालीय, थेंब थेंब पडतंय, तर ताबडतोब बंद. कारण उष्णता आत तयार होतेय आणि बाहेर यायची वाट बुजलीय. आमच्या भागातल्या विहिरींचं पाणी जड. वर्षानुवर्षं ते फिरलं की जॅकेटमध्ये आतून क्षारांचा पांढरा थर चढतो. इंजिन धडधाकट, पंप धडधाकट, पण मधल्या वाटेवर चुना बसलेला. मिस्त्री यायचा, जॅकेट उघडायचा, खरवडायचा. इंजिन बदला म्हणून कुणी सांगत नव्हतं.

ही धारेखाली हात धरायची रीत लक्षात ठेवा. लॅपटॉपला हीच लावायचीय.

आता शेतातून एकदम मुंबईला जाऊ. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर. तिथे १९५० च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी भारतात बनलेला पहिला मोठा कॉम्प्युटर उभा केला. आधी १९५६ मध्ये एक लहान प्रायोगिक यंत्र, मग १९६० मध्ये पूर्ण यंत्र. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्या, जुन्या रेडिओत असायच्या तशा. प्रत्येक नळीत एक तार सतत तापवून लालबुंद ठेवावी लागते, गणित चालू असो वा नसो. एका नळीला फक्त त्या तारेसाठी दोन वॅट धरा. २,७०० नळ्या. म्हणजे साडेपाच किलोवॅट नुसते ऊब घ्यायला! एका खोलीत पाच इस्त्र्या दिवसभर चालू ठेवल्यासारखं. अमेरिकेतला १९४६ चा एनिअॅक तर दीडशे किलोवॅट खायचा. या यंत्रांच्या खोल्या थंड ठेवणं हा कॉम्प्युटर बनवण्याइतकाच मोठा उद्योग होता.

मग ट्रान्झिस्टर आला, चिप आली, आणि सगळ्यांना वाटलं उष्णतेचा प्रश्न मिटला. काही वर्षं तो खरंच मिटल्यासारखा होता. १९७४ मध्ये आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोड हिशोब मांडला: ट्रान्झिस्टर लहान करत न्या, त्याच प्रमाणात व्होल्टेजही कमी करा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढणार नाही. पुढची तीस वर्षं कॉम्प्युटर उद्योग या हिशोबावर जगला. तरी बाकीची हाव होतीच. चिपचा वेग वाढवायचा, चिपही मोठी करायची. ८०च्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरच्या चिपवर बहुधा काहीच बसवलेलं नसायचं, उघडी चिप. १९९३ च्या पहिल्या पेंटियमला मात्र पंधराएक वॅट लागायचे आणि त्याच्या डोक्यावर पंखा आला. तो पंखा आजतागायत उतरलेला नाही.

पुढची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त आवडते. २००१ साली फेब्रुवारीत इंटेलचे पॅट गेलसिंगर यांनी इंजिनिअरांच्या एका मोठ्या परिषदेत सांगितलं, की हे असंच चालू राहिलं तर दहा-पंधरा वर्षांत चिपच्या दर चौरस सेंटीमीटरमधून निघणारी उष्णता आधी अणुभट्टीएवढी, मग रॉकेटच्या नळकांड्याएवढी आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाएवढी होईल. लोक हसले असतील. पण त्याच वर्षी टॉम्स हार्डवेअर नावाच्या वेबसाइटने एक व्हिडिओ टाकला. चालू कॉम्प्युटर, त्यावर गेम सुरू, आणि यांनी चिपवरचा पंख्यासकटचा कूलर सरळ उपटून काढला. एएमडीच्या अॅथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला, चिप खलास. इंटेलचा पेंटियम ३ अडकून थांबला. आणि पेंटियम ४? तो गेम चालूच राहिला, फक्त एकदम रडतखडत, बैलगाडीच्या वेगाने. कूलर परत बसवला, की पुन्हा पळायला लागला.

पेंटियम ४ ला आतच तापमापक होता. ताप वाढला की तो स्वतःच काम कमी करायचा. याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि आज तुमच्या लॅपटॉपमध्येच काय, ज्या मोबाईलवर तुम्ही हे वाचताय त्यातही तेच आहे. म्हणून पुढच्या वेळी लॅपटॉप अचानक स्लो झाला तर शिव्या घालू नका. तो आळशी झालेला नाही, जीव वाचवतोय.

पण गेलसिंगरांनी दाखवलेली भिंत खरी निघाली. व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास येऊन अडकलं, त्याखाली फारसं जाईना, कारण ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले होते की बंद असतानाही त्यातून करंट झिरपायला लागला. गळक्या नळासारखं. २००४ मध्ये इंटेलचा 'प्रेस्कॉट' हा पेंटियम ४ आला, शंभर वॅटच्या वर जाणारा. पोरांनी त्याचं नाव पाडलं 'प्रेसहॉट'. त्याच्या पुढची चिप तयार होत होती आणि तिचं कोडनेम, ऐका नीट, 'तेजस'. ती २००४ च्या मे महिन्यात रद्द झाली. तेजस नावाची चिप तेज फार झालं म्हणून गेली! असा योगायोग कुणी कादंबरीत लिहिला असता तर आपण फेकतोय म्हणालो असतो.

मग वाट कुठून निघाली? लॅपटॉपमधून. इस्राएलच्या हैफा शहरातल्या इंटेलच्या टीमने २००३ मध्ये पेंटियम एम आणला होता, मुद्दाम लॅपटॉपसाठी. वेगाचा आकडा कमी, पण दर वॅटमागे काम जास्त. तोवर लॅपटॉप म्हणजे डेस्कटॉपचा गरीब भाऊ होता. पुढे २००६ पासून डेस्कटॉपच्या चिपही याच विचाराने बनायला लागल्या. एका कोरला पळवण्यापेक्षा दोन-चार कोर जोडीने चालवायचे. तुमच्या लॅपटॉपवर 'क्वाड-कोर' वगैरे लिहिलंय ना, ते श्रीमंतीचं लक्षण म्हणून नव्हे, उष्णतेपुढे पत्करलेली तडजोड म्हणून जन्माला आलं.

बरं, आता तुमच्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे येऊ. साध्या लॅपटॉपची चिप पंधरा-वीस वॅटची असते. तुम्ही म्हणाल, पंधरा वॅट म्हणजे काय, बाथरूमचा बल्ब. पण क्षेत्रफळ बघा. इस्त्री एक हजार वॅटची, तिचा तळ साधारण पावणेदोनशे चौरस सेंटीमीटर. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला पाच-सहा वॅट. लॅपटॉपची चिप नखाएवढी, सव्वा-दीड चौरस सेंटीमीटर. तिथे एका चौरस सेंटीमीटरमधून दहा-पंधरा वॅट निघतात. तुमची चिप इस्त्रीच्या दुप्पट तीव्रतेने तापते, आणि तरी ती शंभर अंशाच्या आत ठेवायचीय.

हे साधतं एका साध्या तांब्याच्या नळीमुळे. तिचं नाव हीट पाइप. कल्पना आधी १९४० च्या दशकात जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी पेटंट केली आणि ती पडून राहिली. १९६३ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती अवकाशयानांसाठी पुन्हा शोधली. नव्वदच्या दशकात ती लॅपटॉपमध्ये आली. आत काय असतं? अगदी थोडं पाणी. हवा काढून घेतलेली असल्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. चिपजवळच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाला धावते, तिथे गार होऊन पुन्हा पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या खरखरीत अस्तरातून, वातीतून तेल चढतं तसं, परत येतं. भाताच्या पातेल्याच्या झाकणावर पाणी जमतं ना, तेच. आतल्या आत चाललेला छोटा पाऊस. दुसऱ्या टोकाला धातूच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या, त्यांना फिन्स म्हणतात, आणि त्यातून हवा ढकलणारा पंखा.

पातळ पट्ट्या का? तर जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळावा म्हणून. आमच्या तालुक्यात भिलवडीला १९३९ पासून चितळ्यांची डेअरी आहे. कुठल्याही डेअरीत गेलात तर हाच प्रकार दिसेल. म्हशीच्या अंगातून दूध ३८ अंशाला निघतं आणि नासायच्या आत चार अंशावर आणायचं असतं. म्हणून ते स्टीलच्या पातळ पत्र्यांमधून नेतात. एका बाजूने दूध, दुसऱ्या बाजूने गार पाणी. मोठं पातेलं बर्फात ठेवून ते काम होत नाही. पृष्ठभाग लागतो, आणि दोन्ही बाजूंचा प्रवाह अखंड लागतो.

प्रवाह अडला की काय होतं, ते गेल्या मे महिन्यात घरातच पाहिलं. माझी मावसबहीण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर तालुक्यातल्याच एका गावात, पत्र्याचं. लॅपटॉप सेकंडहँड घेतलेला, दुधाच्या बिलातून हप्ते फेडून. तिचा फोन आला.

"दादा, लॅपटॉप वीस मिनिटांत बंद पडायलाय. सोमवारपासून ऑनलाइन टेस्ट हायत माझ्या."

"दुकानात दाखवलास का?"

"दाखवला की. तिथं दोन तास चालू ठेवला, काय सुदिक झालं नाही. घरी आणला की बंद. ते म्हणत्यात मदरबोर्ड गेलाय, चौदा हजार. आई म्हणत्या, एक रेडकू विकू."

मंडळी, दुकानात चालतो आणि घरी बंद पडतो, हीच खरी खूण होती. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक वाटेत होणारी वाढ. दुकानात एसी, २४ अंश. वाटेतली वाढ समजा ६८ अंश झाली, तर चिप ९२ ला. चालतंय. तोच लॅपटॉप पत्र्याखाली दुपारी ३८ अंशात आणला, वाढ तेवढीच ६८, तर बेरीज १०६. तिथे चिप जाऊच देत नाही. आधी वेग पाडते, तरी भागलं नाही तर सगळं बंद करते. बोर्ड खराब असता तर तो एसी बघून थांबला नसता. सांगली जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात एसीच्या दुकानात केलेली टेस्ट ही टेस्टच नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी तिला फोनवर एवढंच सांगितलं, की हवा जिथून बाहेर येते त्या जाळीपुढे हात धर. ती म्हणाली, "खालून भाजतंय, पण वारं काय लागंना." आजोबांची बारीक झालेली धार. वाट बुजलेली.

रविवारी जाऊन उघडला. पंखा आणि फिन्स यांच्या मध्ये करड्या रंगाचा जाड थर, अगदी वाकळेचा तुकडा कापून ठेवल्यासारखा. आमच्याकडे धूळ नुसती धूळ नसते. उसाचा हंगाम संपताना पाचट पेटवतात, त्याची काजळी मैलभर उडते. त्यात वाकळेचा कापूस, गोठ्यातला भुस्सा. पंखा चालू होता, जीव तोडून फिरत होता, पण वारा त्या नमद्यावर आपटून परत येत होता. बाहेरून फुंकर मारून हे कधीच निघत नाही, उलट आत घट्ट बसतं. चिमट्याने अख्खा तुकडा उचलला. मग चिप आणि तांब्याच्या पट्टीमधली जुनी पेस्ट, जी वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. ही पेस्ट काय करते? दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात, आणि हवा उष्णता नेण्यात अगदी कुचकामी. पेस्ट त्या पोकळ्या भरते. तुरीच्या डाळीएवढा थेंब पुरतो. जास्त लावली म्हणजे जास्त गार, असं नाही.

संध्याकाळी त्याच पत्र्याखाली तासभर चालवला. ८४ च्या वर गेला नाही. खर्च पेस्टच्या ट्यूबचा. रेडकू गोठ्यात आहे.

आता तुमचं काय? पहिलं, हात धरा. जोरात गरम हवा येतेय, म्हणजे वाट मोकळी आहे आणि लोड जास्त आहे. मग विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि कोण एवढं खातंय ते बघा. बहुतेक वेळा ब्राउझरच्या चाळीस टॅब, किंवा मागच्या मागे चाललेलं अपडेट, किंवा क्रॅक केलेल्या गेमबरोबर आलेलं काहीतरी, जे तुमच्या विजेवर दुसऱ्याचं क्रिप्टो खणतंय. हे शेवटचं मी गंमत म्हणून सांगत नाहीये, खरंच असतं. आणि हवाच येत नसेल, तर वाट बुजलीय. कुठली ते शोधा. कदाचित लॅपटॉप गादीवर आहे आणि खालची जाळी वाकळेत रुतलीय, तेवढंच. पाठीमागून दोन वह्या लावून उचला, खालून हवा जाऊ द्या.

एचडब्ल्यूमॉनिटरसारखं फुकट सॉफ्टवेअर चिपचं तापमान दाखवतं. सकाळी सहाला एक आकडा लिहून ठेवा, दुपारी तीनला दुसरा, तेच काम चालू असताना. खोलीत जेवढा फरक, साधारण तेवढाच चिपमध्ये दिसला पाहिजे. काही न करता नव्वदच्या वर असेल तर उघडायची वेळ झाली.

परीक्षा उद्या आहे आणि उघडायला वेळ नाही? विंडोजच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात प्रोसेसरचा कमाल वेग शंभर टक्क्यांवरून ९९ टक्के करा. एक टक्का कमी करून काय होणार असं वाटेल, पण त्याने चिपची टर्बोची उडी बंद होते, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये दहाएक अंश तरी उतरतात. काही नव्या मॉडेलमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, तिथे 'बेस्ट पॉवर एफिशिअन्सी' निवडा.

फ्रीजमध्ये ठेवू नका. विचारलंय एकाने, म्हणून सांगतोय. बाहेर काढल्यावर गार बाटलीला सुटतो तसा घाम सुटतो, फक्त आतून, बोर्डवर.

उघडणार असाल तर बंद करून, चार्जर काढून, आणि आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीची पिन सोडवून. वॉरंटी असेल तर उघडूच नका, सर्व्हिस सेंटरला द्या आणि "फिन्स साफ करून पेस्ट बदला" असं शब्दांत सांगा. शब्द माहीत असलेल्या गिऱ्हाइकाशी लोक वेगळं बोलतात. हवेचा ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो प्रमाणाबाहेर फिरतो, बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलट वीज बनवून बोर्डात पाठवू शकते.

आणि एका बाबतीत यातलं काहीच करायचं नाही. २००६ साली डेलने सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, कारण काही लॅपटॉपना आगी लागल्या होत्या. ती बनवतानाची खोट होती. पण रोजची उष्णताही लिथियम बॅटरीला आतून म्हातारी करते, गॅस होतो आणि ती फुगते. टचपॅड वर आलाय, कीबोर्ड मध्ये उचललाय, झाकण नीट बसत नाही, यातलं काही दिसलं तर बंद करा, चार्जिंग काढा, आणि दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. टोचायची तर अजिबात नाही. गादीपासून लांब, फरशीवर ठेवा आणि बॅटरी बदलून घ्या. आमच्या बहिणीच्या लॅपटॉपची बॅटरी सपाट होती, ते मी सगळ्यात आधी पाहिलं होतं, मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

तुमच्या खोलीतले सकाळचे आणि दुपारचे आकडे पाठवा, गावाच्या नावासकट. पत्रा की स्लॅब, तेही लिहा.